फुटकी ओळ

लाल काही आहे का, असं तिनं उशीतून विचारलं आणि मी नाही म्हणाले. ते खोटं नव्हतं. स्क्रीनवर त्या वेळी पांढऱ्या ओळी होत्या, शेवटी एक हिरवी, लाल कुठेच नव्हतं. मग चालव, ती म्हणाली. चालवायचं म्हणजे दोन-तीन शब्द टाइप करून मोठं बटण दाबायचं, एवढं मला एव्हाना पाठ झालं होतं. शब्द टाइप केले, एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं आणि बटण दाबलं. यंत्र जरा वेळ गप्प राहिलं आणि मग खालून वर लालच लाल चढत गेलं. मी काही बोलले नाही. पण मी बोलत नाही म्हणजे काय झालंय, हे माझ्या लेकीला माझ्या बोलण्यापेक्षा लवकर कळतं. तिची पाठ ताठ झाली. हल्ली मला तिची पाठच दिसते, पाठ आणि मान. शेवटची ओळ वाच, ती म्हणाली. मी अडखळत वाचली. काहीतरी सापडत नाही, असा तिचा अर्थ होता. काय सापडत नाही त्याचं नावही पुढे होतं, आणि ते नाव माझ्या ओळखीचं होतं. कुठे पाहिलं ते मात्र आठवेना. रस्त्यात एखाद्या चेहऱ्याकडे बघून आपण हसावं आणि मग घरी पोचेपर्यंत स्वतःला खात बसावं की हा कोण, तसं झालं. ती म्हणाली, शक्य नाही. परत वाच. मी परत वाचली. तीच ओळ होती.

तिच्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. भिंतीचा रंग ओल धरून सुटतो तसा, असं डॉक्टरांनी मला समजावलं होतं. त्यांनी तो परत बसवला आणि डोळ्यात हवेचा एक बुडबुडा सोडला. बुडबुड्याचा स्वभाव वर जायचा. म्हणून डोकं खाली ठेवायचं, म्हणजे तो मागच्या पडद्याला आतून दाबून धरतो. जेवायला आणि मोरीत जायला तेवढं उठायचं, एरवी पालथं पडून राहायचं, कपाळाखाली मधे भोक असलेली उशी घेऊन. असं किती दिवस, तर ते सांगतील तोवर. पुढे दिसेल किती, तर ते आत्ता सांगता येत नाही. दुसरा डोळा तिचा लहानपणापासूनच आळशी, त्याला उजेड कळतो आणि समोर माणूस आहे की कपाट आहे एवढं कळतं. ती चार-पाच महिन्यांची असताना पहिल्यांदा पालथी पडली होती आणि मान उचलून इकडेतिकडे बघत होती, तेव्हा मी शेजारपाजारच्या सगळ्यांना हाका मारून दाखवलं होतं. आता ती पालथी पडते आणि मान उचलायची नाही म्हणून मी राखण करत बसते. झोपेत कूस बदलली की उठून सरळ करते. सरळ म्हणजे उलटी.

यंत्र आलं तेही नेमकं तेव्हाच. ऑपरेशन करून घरी आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला खोकं घेऊन दारात उभा. जुनी कंपनी बंद पडल्यावर दोन वर्षं ती घरी होती. मुलाखती द्यायची, ते लोक हसून बोलायचे आणि मग कळवायचेच नाहीत. शेवटी हे काम मिळालं, तेही घरी बसून करायचं. डोळ्याचं त्यानंतर उपटलं. तिथल्या प्रमुख बाईंनी फोनवर सांगितलं होतं की पहिला आठवडा फक्त मांडामांडीचा. आमचा प्रोजेक्ट तुमच्या यंत्रावर उभा करा, शुक्रवारी चालताना दाखवा, म्हणजे तुमचं पक्कं. आवाज गोड होता बाईंचा. त्याच गोड आवाजात असंही म्हणाल्या की दुसरं एक माणूस आम्ही थांबवून ठेवलंय, पण तशी वेळ यायची नाही. लेकीनं त्यांना डोळ्याचं सांगितलं नाही. मी म्हटलं, सांगून टाक, माणसंच आहेत ती. ती म्हणाली, दोन वर्षं माणसांनीच नाही म्हटलं, आई, यंत्रांनी नाही. तेव्हा तिनं मला टेबलाशी बसवलं आणि म्हणाली, मी सांगते तसं करायचं, आणि दिसेल ते वाचायचं.

माझ्यासारखीला दिसेल ते वाच म्हणणं म्हणजे पांगळ्याला जरा पळत जा म्हणण्यासारखं. मी अक्षरं शिकले तेव्हा ही पोरगी शाळेत बक्षिसं घेत होती. आजही एकटी असले तर मी बरी वाचते. कुणी ऐकत असलं की प्रत्येक शब्दाआधी पायरी चुकल्यासारखं होतं. त्यात हे इंग्रजी, आणि इंग्रजीतही असलं, की त्यात अक्षरांपेक्षा खुणा जास्त. तिरक्या काठ्या, कंस, टिंबं, मधली रेघ वेगळी आणि खालची रेघ वेगळी. पहिल्या दिवशी आमची फार भांडणं झाली. काठी कुठल्या बाजूला कलली आहे, ती विचारायची. मी म्हणायचे, उजवीकडे. ती म्हणायची, वरून उजवीकडे की खालून? मी म्हणायचे, अग, पडायला आलेल्या म्हातारीसारखी पुढे कललीय. मग तिला हसू यायचं, हसलं की डोळ्याला हिसका बसेल म्हणून मी ओरडायचे, आणि त्यात सांगितलेलं निम्मं विसरून जायचं. हळूहळू आम्ही दोघींनी नावं ठरवली. कुरळ्या कंसांना मिशा. चार रेघांच्या खुणेला जाळी. ए भोवती शेपूट गुंडाळलेल्या खुणेला गोगलगाय. मिशा उघड, म्हातारी, जाळी, मिशा बंद, असं ती पालथ्यानं सांगत सुटायची आणि मी दोन बोटांनी टाइप करत जायचे. खिडकीतून कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, दोघी कामातून गेल्या. मी तिला विचारलं होतं की हे सगळं आपण लिहायचं का. ती म्हणाली, नाही, लिहिलेलं आहे, दुसऱ्यांनी. आपण फक्त ते इथे आणायचं, त्याला लागणारे सुटे भाग उतरवून घ्यायचे आणि ते इथेही श्वास घेतंय का बघायचं. काम त्याच्यानंतर. मला ते पटलं. आमच्या कारखान्यात नवी भट्टी पेटवली की बाटल्या निघायच्या आधी कितीतरी दिवस असेच जायचे. सगळे नुसते धावपळ करायचे आणि हातात काही नसायचं.

बाटल्यांच्या कारखान्यात मी उजेडाच्या पाटीपुढे बसायचे. पाटी म्हणजे मागून दिवे लावलेली पांढरी काच. तिच्यापुढून पट्ट्यावर बाटल्या जात राहायच्या, एकामागे एक, न संपणाऱ्या, आणि फुटकी दिसली की मानेला धरून उचलायची आणि बाजूच्या पेटीत टाकायची. तडा गेलेली, खडा अडकलेली, आत काचेचा धागा ओढला गेलेली. चांगल्या बाटलीकडे बघायचं नसतं. बघायला लागलं की डोळा दमतो आणि मग वाईटही चांगलीच दिसते. डोळा मोकळा सोडायचा, म्हणजे वेगळी असेल ती आपोआप टोचते. आणि उचलली की विसरायची. तिचा विचार करत बसलं तर पुढच्या दोन निसटतात. मुकादम एकच वाक्य बोलायचा, पट्टा थांबवायचा नाही. मागून भट्टीतून गरम माल येत असतो, एका बाटलीपायी पट्टा थांबला तर मागे सगळं साचतं आणि फुटतं. कुणाला सांगायचं नाही, विचारायचं नाही, हात घालून वाईट ते काढायचं आणि पुढे. बाटलीच्या बुडाला साच्याची खूण असायची, एखादं अक्षर. अक्षर आहे हे मला माहीत नव्हतं. मी त्यांना शिडी, दोन पोटांची, तुटका गोल असं ओळखायचे. शिडीवाल्या फार फुटक्या यायला लागल्या की साचा खराब झाला हे मला कळायचं. मग एक बाई आमच्यात आली, तिला सगळ्या मास्तरीण म्हणायच्या, तिनं सांगितलं की अग वेडे, ही एच आहे. जेवणाच्या सुट्टीत ती पत्र्याच्या टेबलावर ओल्या बोटानं अक्षरं काढायची, आधी आपली, मग इंग्रजी. भट्टीच्या बाजूला पत्रा कायम तापलेला, त्यामुळे अक्षर काढलं की वाळायला लागायचं. वाचायचं असेल तर पटकन वाचावं लागायचं, नाहीतर गेलं. माझं सगळं शिक्षण असं वाळत वाळत झालं. अजूनही स्क्रीनवरच्या ओळी वर सरकायला लागल्या की मला वाटतं, वाळल्या, आता काय वाचणार.

तर ते नाव. त्या दिवशी दुपारभर ते मला टोचत राहिलं. तिनं माझ्याकडून सगळे भाग पुसून परत उतरवून घेतले. ते उतरायला फार वेळ लागतो, ओळी सरकत राहतात. मी पुढे बसून होते आणि डोळा आपोआप मोकळा सुटला होता. लाल काही नाही ना? नाही. सगळं उतरलं? उतरलं. चालव. आणि परत तीच ओळ, अमुक सापडत नाही. तिनं मला यंत्रातली आणखी कुठली कुठली कपाटं उघडायला लावली, हा आकडा वाच, तो आकडा वाच. आकडे बरोबर होते. मग ती काही विचारेनाशी झाली. मी उठून दुधाखालचा गॅस बंद केलाय का बघून आले. बंद होता. बसले. परत उठले, पडदा सारखा केला. समोरच्या इमारतीत एक माणूस गॅलरीत सायकल उलटी करून चाक फिरवत होता, नुसतंच फिरवत होता, त्याला काही दुरुस्त करायचं आहे असं दिसेना. मला त्याचा राग आला. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली. बस ना ग, लेक म्हणाली, तू उठलीस की मला वाटतं काहीतरी आलं. मी बसले. मग ती उशीतल्या भोकातून जमिनीशी बोलल्यासारखं बोलली. दोन वर्षांत सगळं बदललंय, आई. मला वाटत होतं मला येतं. हे साधं आहे, नवीन पोरं तासाभरात करतात. मी म्हटलं, मग त्या बाईंना विचार ना. ती म्हणाली, काय विचारू? शेंबडं पोरगंही असलं विचारणार नाही. विचारलं की त्यांना कळेल, त्या दुसऱ्या माणसाला बोलावतील. तिच्या आवाजात रडणं नव्हतं. रडणं असतं तर मला बरं वाटलं असतं, रडण्याचं काय करायचं ते मला माहीत आहे. तो आवाज असा होता की कुणी घरातलं सामान शांतपणे बांधायला घ्यावं.

मी डोळ्यात घालायचे थेंब आणायला म्हणून बाहेर पडले. थेंब अजून होते, बाटलीच्या तळाशी. पण मला त्या खोलीतून निघायचं होतं. लिफ्टमध्ये आरसा आहे, मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहते. रस्त्यावर कुणीतरी खणून ठेवलं होतं, मातीच्या कडेनं माणसं एकामागे एक चालली होती, एकीकडून खड्डा आणि दुसरीकडून गाड्या. मधे कुणाला थांबता येत नव्हतं. मीही त्या रांगेत शिरले. पुढच्याच्या पाठीकडे बघत चालत होते आणि मनात म्हणत होते, कुठे पाहिलं, कुठे पाहिलं. पुढे एक म्हातारा काठी टेकत चालला होता. त्याला दम लागला असावा, तो थांबला. त्याच्यामागची बाई थांबली, मी थांबले, माझ्यामागे कुणी चक्क ओरडलं की अहो, चला ना. आणि त्या बाईनं काय करावं, तर म्हाताऱ्याला दंडाला धरून हलकेच बाजूला, खणलेल्या मातीच्या ढिगावर उभं केलं आणि पुढे निघाली. रांग चालू झाली. वाईट हेतूनं नव्हतं केलं तिनं. मला तिच्या बोटांकडे बघून कळलं की मी ते नाव कुठे पाहिलं.

आदल्या दिवशी दुपारी लेकीला औषधानं गुंगी आली होती. भाग उतरत होते आणि ती झोपली. एका ओळीशी येऊन लाल उमटलं आणि सगळं थांबलं. मी तिला उठवणार होते, पण ती कितीतरी दिवसांनी नीट झोपली होती. मी वाट बघितली. मग तिनं शिकवलेलं वर जायचं बटण दाबून तोच हुकूम परत दिला. परत तिथेच लाल, परत थांबलं. बाजूला ती फाइल उघडी होती, कुठकुठले भाग लागतात ते सांगणारी, आणि तिच्यात तेच नाव होतं, खाली नागमोडी लाल रेघ मारलेलं. बाकी सगळ्या ओळी स्वच्छ, एकच टोचत होती. मी ती काढली. विचार करून काढली म्हणू नका, हात गेला. हुकूम परत दिला आणि काय सांगू, सगळ्या बाटल्या सरसर पुढे गेल्या, शेवटी हिरवं. मला इतकं बरं वाटलं की मी चहा करून प्यायले. आणि मग काढलेली ओळ विसरले, जशी विसरायची असते तशी.

मी थेंब न घेताच परत फिरले. तिला सांगायचं असं ठरवून नाही, खोटं कशाला बोलू. मी असं ठरवलं होतं की तिचा डोळा लागला असेल तर ती ओळ गुपचूप परत ठेवून द्यायची. तिला कळायचंही कारण नाही. ती पुन्हा चालव म्हणेल आणि चालेल, आणि तिला वाटेल की तिला येतं. आयुष्यभर मी हेच केलं आहे. तिच्या बापाच्या शेवटच्या तपासणीत काय निघालं ते तिची परीक्षा संपेपर्यंत माझ्याच पोटात होतं. वाईट ते आधी उचलायचं, मग तिच्यापुढे पट्टा सोडायचा. घरी आले तेव्हा ती पडून होती, श्वास संथ होता. मी चपला हातात घेऊन टेबलापर्यंत गेले आणि फाइल उघडली. नाव मला आठवत होतं, लाल अक्षरात समोरच होतं. पण नावापुढे काहीतरी होतं. आकडे होते, मधे टिंबं होती, आधी बहुतेक ती वळवळणारी अळीसारखी खूण होती की नव्हती? आणि कुठल्या ओळीनंतर? मी स्क्रीनजवळ तोंड नेलं, जसं काही जवळ गेल्यावर जिथून उचललं तिथे डाग दिसेल. काहीच डाग नव्हता. वरची ओळ आणि खालची ओळ एकमेकींना अशा लागून बसल्या होत्या की मधे कुणी होतं असं कुणाच्या बापाला कळलं नसतं. बाटलीची जागा पट्ट्यावर तरी रिकामी दिसते. तेवढ्यात ती बोलली. झोपली नव्हतीच.

“आई, ती भागांची फाइल पहिल्यापासून वाच. एकही ओळ सोडू नकोस.”

मी वाचायला लागले. प्रत्येक नाव अक्षर अक्षर करून, मग आकडे, मग स्वल्पविराम. ती प्रत्येक ओळीला हं म्हणत होती. मला वाटलं, मी इतकं हळू वाचावं की शुक्रवारच उजाडू नये. त्या जागेशी आले, वरची ओळ वाचली, हं झालं. खालची ओळ वाचायला घेतली आणि तिचा हं आला नाही.

“याच्या आधी एक आहे ना?”

“होती.”

“होती म्हणजे?”

“फुटकी होती. काढली.”

मग मी सगळं सांगितलं, पट्टा, हिरवी ओळ, चहा, मातीच्या ढिगावरचा म्हातारा, सगळं एकात एक. सांगताना मी तिच्या मानेकडे बघत होते. मानेवर केसांच्या खाली एक तीळ आहे. तिची वेणी घालणं सुटलं तेव्हापासून मी तो पाहिलेला नव्हता. माझं बोलणं संपलं. आणि मग तिची पाठ हलायला लागली. खांदे, पाठ, खाली पायांपर्यंत. आवाज नाही. मी उठले, तिच्या पलंगाशी गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं, हलू नये म्हणून. मला कळेना की ती हसतेय की रडतेय. पाठीवरून ते कळत नाही, मी आता सांगते, कुणाच्याही पाठीवरून कळत नाही. वाकून उशीच्या भोकाखालून तिचं तोंड बघता आलं असतं. मी बघितलं नाही. माझ्या तळहातांत तिचं डोकं थरथरत होतं आणि मी नुसती हळू, हळू असं म्हणत होते. बऱ्याच वेळानं पाठ थांबली. नाक ओढून ती म्हणाली, म्हणजे मला येतं. मी म्हटलं, हो ग. ती म्हणाली, अग, दिवसभर मी मरत होते, आणि ओळ तू काढलीस. मी हो म्हटलं. लाल होती म्हणून? हो. परत पाठ हलली, पण या वेळी तोंडातून आवाजही फुटला, आणि तो हसण्याचाच होता. निदान बराचसा.

तिनं मला नीट समजावलं. ती ओळ फुटकी नव्हती. तो भाग त्या कंपनीचा स्वतःचा, कुलुपात ठेवलेला, आणि कुलूप उघडायची परवानगी आम्हाला अजून मिळालेली नव्हती. लाल ते एवढंच म्हणत होतं, की परवानगी मागा. भागाचं नाव एका पाखराचं आहे, ती म्हणाली, टिटवीचं. ही माणसं कशालाही काहीही नाव देतात. मी म्हटलं, टिटवीनं समुद्र आटवला म्हणतात, इथे तिनं आपल्या दोघींना आटवलं. ओळ परत कशी लिहायची ते तिला पाठ होतं. लिहिली. खाली लगेच लाल नागमोडी उमटली आणि माझं बोट नुसतं शिवशिवलं. आता परवानगी मागायला प्रमुख बाईंना लिहायचं होतं, आणि शुक्रवार उद्यावर आला होता. ती स्पेलिंग सांगत गेली, मी टाइप करत गेले. टिटवीसाठी परवानगी हवी आहे. उशिरा मागते आहे याबद्दल क्षमस्व. इथवर ठीक होतं. मग ती जरा थांबली आणि पुढे सांगायला लागली. मी बोट उचललं. ती सांगत होती की माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, मला सध्या स्क्रीन बघता येत नाही, हे सगळं माझी आई वाचते आणि टाइप करते.

मी म्हटलं, हे कशाला? परवानगी मिळाली की झालं. नंतर सांग, पक्कं झाल्यावर सांग. ती म्हणाली, आई, सोमवारी त्या बाई मला म्हणतील, कॅमेरा लाव, आणि तिथे माझा मागचा भाग दिसेल. हसायचं ते बोलणं होतं, पण आवाज हसरा नव्हता. मग म्हणाली, मी तुला दिवसभर विचारत होते लाल आहे का, आणि तू नाही म्हणत होतीस, आणि तू खरं बोलत होतीस, आणि मला वाटत होतं मी संपले. तसं मला त्या बाईंशी करायचं नाही. टाइप कर. मी टाइप केलं. एवढ्या हळू अक्षरं पडत होती की प्रत्येक शब्दाला मला विचार करायला वेळ होता. डोळा या शब्दाला इंग्रजीत तीनच अक्षरं आहेत. पूर्ण झाल्यावर मी सगळं वाचून दाखवलं. वाचताना माझ्या मनात आलं की हिला दिसत नाही. शेवटची दोन वाक्यं पुसून पाठवलं तरी हिला दिसणार नाही, परवानगी तेवढी येईल, उद्या चालेल, पक्कं होईल. पुसायचं बटण कुठे आहे ते माझ्या बोटाला माहीत होतं. ती वाट बघत होती, पाठ ताठ करून, आणि मला जाणवलं की तिलाही ठाऊक आहे मी काय विचार करते आहे. तरी ती काही म्हणाली नाही. पाठव, एवढंही नाही. मी पाठवून दिलं आणि हात मांडीवर घेऊन बसले.

उत्तर यायला फार वेळ लागला नाही, पण तेवढ्यात मी तिचे केस विंचरले, थेंबांची बाटली उजेडात धरून पाहिली, गॅस पाहिला. मग टुण् असा आवाज झाला. दोघींनीही काही हालचाल केली नाही. मग मी जाऊन बसले. चार ओळी होत्या. तिनं वाच म्हणायच्या आधी माझा डोळा मोकळा सुटून खालपर्यंत जाऊन आला होता, आणि शेवटच्या ओळीच्या सुरुवातीला ‘पण’ हा शब्द होता. इंग्रजी मला येत नाही फारसं, मात्र ‘पण’ या शब्दाला मी कुठल्याही भाषेत ओळखते. वाच ना, ती म्हणाली. मी वाचलं. परवानगी दिली आहे. सांगितलंत हे बरं केलंत. आईंना नमस्कार सांगा. इथे मला थांबता आलं असतं, वाक्य पुरं झालं होतं, आवाजही तसा पडला होता. मी पुढचं वाचलं. पण डोळ्याचं मला वरच्यांना कळवावं लागेल, ते काय म्हणतील याची खात्री मी देऊ शकत नाही. उद्या प्रोजेक्ट चालताना मात्र दाखवा.

ती हं म्हणाली, फाइलच्या ओळींना म्हणत होती तसाच. आणि म्हणाली, उतरव.

मी हुकूम दिला. ओळी सरकायला लागल्या. मी त्या एकेक मोठ्यानं वाचायला लागले. एवढं नको वाचू, ती म्हणाली, मी ऐकलं नाही. जेवढ्या सापडत होत्या तेवढ्या वाचत होते, चांगल्याही, एक पिवळी आली तर पिवळी म्हणून सांगितलं, घसा कोरडा पडला तरी. ओळी माझ्यापेक्षा जोरात पळत होत्या आणि मी मागे पडत होते. टिटवी आली तेव्हा ती पांढरी होती. शेवटी हिरवं. चालव, ती म्हणाली. चालवलं. या वेळी यंत्र गप्प राहिलं ते गप्पच राहिलं, आणि मग दुसरीच एक खिडकी उघडली. काय दिसतंय, तिनं विचारलं. मी म्हटलं, पांढरं आहे. पान आहे. अजून? वर कोपऱ्यात नाव आहे. मधे एक रिकामी चौकट आहे. बास. मला वाटत होतं की एवढ्या मरमरीनंतर काहीतरी दिसावं, चित्र असावं, रंग असावा, तिला सांगण्यासारखं काही असावं. माझ्याकडून एखादी गोष्ट त्यात घालावी असं फार मनात आलं. रिकामंच आहे ग, मी म्हटलं. तिनं लांब श्वास सोडला आणि पाठ सैल झाली. रिकामंच असतं, ती म्हणाली, त्यात मग मी करायचं असतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, चौकटीत काही नाही? मी चष्मा पुसून पाहिलं. एक उभी रेघ आहे, मी सांगितलं, बारीक. लुकलुकतेय. लुकलुकतेय म्हणजे कशी? मी स्क्रीनच्या जवळ सरकले. आली, मी म्हटलं. गेली. आली. ती ऐकत होती. गेली. आली. बास म्हणेपर्यंत सांगायचं असं मी ठरवलं होतं, आणि ती बास म्हणाली नाही.